मेलेल्या यकृताचं पित्त

१

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी एक यकृत मेलं असं जाहीर झालं, आणि त्याच्या कागदावर सही करायला तिला बोलावणं आलं.

ती या इस्पितळाची अवयवदान समन्वयक. समोर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की गोचीड. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून. दोन्ही नावं तिच्या कानावर होती. दुसऱ्याचा तिला राग नव्हता.

ती यंत्राच्या खोलीत शिरली तेव्हा पंप अजून चालू होता. कमरेएवढं यंत्र, वर पारदर्शक झाकण, आणि झाकणाखाली मऊ गादीवर निजवल्यासारखं ते यकृत. पूर्वी दात्याचं यकृत बर्फाच्या पेटीत गारठून निपचित पडलेलं यायचं, आणि दुसऱ्याच्या पोटात बसवेपर्यंत ते चांगलं की वाईट हे कुणालाच सांगता येत नसे. या यंत्रात ते उबेत राहतं. अंगाइतकं कोमट रक्त त्यातून फिरत राहतं, प्राणवायू मिळतो, साखर मिळते. आपण अजून माणसातच आहोत असं समजून ते कामाला लागतं, आणि ते काम बाहेरून मोजता येतं. इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर या यंत्राचा दाराएवढा फोटो लावलेला होता. खाली ठसठशीत अक्षरं: क्षणाक्षणाला नजर.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं.

यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे पंपवाला म्हणत. चाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काजळी धरलेली, पायात हिरवे रबरी जोडे. त्याने तिच्याकडे न बघताच तक्ता पुढे केला. "लॅक्टेट चढलं, ताई. बघा ना."

लॅक्टेट म्हणजे थकलेल्या पेशींनी रक्तात सोडलेलं आम्ल. जिवंत यकृत ते खाऊन टाकतं. आकडा उतरत गेला तर यकृत जोमात, चढत गेला तर त्याने मान टाकली. तक्त्यावर दर तासाचा आकडा होता. सात वाजता ८.६. आठला ३.१. नऊला २.६. मग गाडी उलटी फिरलेली: दहाला ३.४, अकराला ४.२, बाराला ५.०.

"लागोपाठ तीन चढते आकडे. नियम आहे," पंपवाला म्हणाला. "मोठ्या सरांनी फोनवर सांगितलं, बंद करा. दोन वाजता येऊन सही करतील. तुमची आधी हवी."

तिने पेन काढलं. आणि तेवढ्यात तिची नजर त्या बारीक नळीवर गेली. यकृतातून निघून खाली एका पिशवीत जाणारी नळी. तिच्या टोकाशी एक थेंब फुगत होता, गडद, मधासारखा. तो लोंबला, पडला. लगेच मागून दुसरा फुगायला लागला.

"हे पित्त ना?"

"असेल उरलंसुरलं."

"मेलेलं लिव्हर पित्त करतं?"

पंपवाल्याने नळीकडे पाहिलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

तिने पेनाला टोपण लावलं.

२

बाहेर कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर, हे यकृत जिला बसवायचं होतं ती शिंपीण पडून होती. हिरवा गाऊन, केस टोपीत, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. शेजारच्या बाकावर तिची आई, आणि आईच्या मांडीवर सहा वर्षांची मुलगी बाहुलीची नाडी तपासत बसलेली.

"ताई," शिंपीण म्हणाली, "सगळे माझ्यासमोरून मान खाली घालून जातायत. पुन्हा घरी जायचं का?"

पुन्हा. चार महिन्यांपूर्वी हिला असंच बोलावलं होतं, असंच निजवलं होतं, आणि यकृत निकामी निघालं म्हणून परत पाठवलं होतं. त्या कागदावर सही हिचीच, गोचिडीची. तेव्हा शिंपीण जिना चढून आली होती. आज तिला उचलून आणलं होतं. आता पुढच्या बोलावण्यापर्यंत ती टिकणार नाही हे डॉक्टरांनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि आईने ते तोंडावर दिसू न देण्याचा जो आटापिटा चालवला होता त्यावरून शिंपिणीला सगळं कळलं होतं.

"अजून काही ठरलं नाही," ती म्हणाली.

"आज्जी म्हणते आईला नवीन मिळणारे," मुलीने मध्येच तोंड घातलं. "जुनं परत द्यावं लागतं का?"

"नाही गं राणी."

"मग बाहुलीला देऊ?"

तिला हसू आलं आणि पाठोपाठ पायांतून वर चढल्यासारखा संताप आला. पहाटे ती दात्याच्या वडिलांसमोर बसली होती. निवृत्त बसचालक. एकुलता एक मुलगा गेलेला. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. म्हणाले, "बाई, तीस वर्षं गाडी चालवली. रिकामी फेरी गेली की जेवण गोड लागायचं नाही. ह्याची फेरी रिकामी जाऊ देऊ नका, एवढंच बघा." तिने त्यांना शब्द दिला होता.

साडेबारा झाले होते. हातात दीड तास. तिला एकच विचार सुचत होता: कुणाला तरी हे यकृत मेलेलं हवंय. कुणाला?

३

"मला विचारताय?" ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. पंचवीस वर्षं नोकरी, आवाज असा की भूल दिलेला पेशंटही डोळे उघडेल. "मी दर तासाला नमुना तपासणीच्या मशीनमध्ये घातला. नऊ, दहा, अकरा, बारा. ह्या बघा पट्ट्या. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

पट्ट्या म्हणजे तपासणी यंत्रातून निघालेले कागद. चार, क्रमाने टाचलेले.

"सिस्टर, पित्त किती झालं? तक्त्यात त्या रकान्यात नुसत्या रेघा आहेत."

"तो रकाना पंपवाल्याचा. मी कशाला हात लावू? मागे एकदा लिहिलं तर मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर झापलं, ज्याचं काम त्याने करावं म्हणून. मी फक्त पिशवी ओतली."

"ओतली?"

"भरली तर ओतायची नाही? जमिनीवर सांडू देऊ? दोनदा भरली मेली."

"दोनदा!"

"ओरडता काय माझ्यावर? रिकामी करून पुन्हा लावली, पुन्हा भरली. आणखी काय केलं म्हणाल, तर साडेनऊला यंत्राच्या टाकीतली रक्ताची पातळी खाली आली म्हणून चष्मिस डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रक्ताची एक पिशवी चढवा. चढवली. ही तिची चिठ्ठी. आता मला कामं आहेत."

चष्मिस डॉक्टर म्हणजे तरुण सर्जन. ते बाह्यरुग्ण विभागात सापडले. दाराबाहेर रांग पार जिन्यापर्यंत.

"ताई, मला दर तासाला आकडे फोनवर येत होते," ते चष्मा पुसत म्हणाले. "चढते होते. मी काय करणार?"

"एकदा खाली येऊन बघितलंत?"

"सकाळपासून बेचाळीस पेशंट तपासलेत. यंत्रापाशी चोवीस तास माणूस असतो, म्हणूनच तर ते घेतलं. आणि मोठे सर म्हणाले बंद करा. मी ज्युनिअर माणूस." मग जरा थांबून, "एक गोष्ट मात्र खटकली होती. बरोब्बर पॉइंट आठ, पॉइंट आठ, पॉइंट आठ. पायऱ्या मोजून चढावं तसं. लिव्हर बिघडतं तेव्हा एकदम घसरतं, कधी सावरतं, पुन्हा घसरतं. इतक्या शिस्तीत कुणी मरत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

राहिला पंपवाला. तो यंत्रापाशी उभा होता, बटणावर हात ठेवून आणि बटण न दाबता.

"सकाळी तुम्ही कुठे होता?"

"इथेच."

"नऊ ते बारा?"

"नमुने मीच काढलेत, ताई. सगळे. लेबलं बघा, माझंच अक्षर." त्याचा आवाज चिरका झाला. "खोटं बोलत नाही मी."

ट्रेमध्ये वापरलेल्या सिरिंजा ओळीने ठेवल्या होत्या. यंत्र बंद होईपर्यंत त्या टाकायच्या नाहीत असा सिस्टरांचा दंडक. सहा सिरिंजा, सहा लेबलं, वर मार्करने लिहिलेल्या वेळा. सगळं जिथल्या तिथे. चूक म्हणून बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती. सगळे खरं बोलत होते, आणि तरी त्या खोलीत एक धडधडीत खोटं उभं होतं.

घड्याळात पाऊण वाजला. आणि नेमकी त्याच वेळी तिच्या अंगावरच्या कुडत्याला ओल फुटली.

४

घरी तिचं सात महिन्यांचं बाळ सासूबाईंपाशी होतं. बाळ जगाच्या पाठीवर कुठेही असो, भुकेची वेळ झाली की शरीर कुणाची परवानगी घेत नाही. चडफडत ती कपड्यांच्या कोठीत गेली, आतून कडी लावली आणि दूध काढायला बसली. हे रोजचंच. चादरींच्या ढिगांमध्ये दहा मिनिटं, मग बाटली फ्रिजमध्ये. आधी सगळ्या सिस्टर हसायच्या. नंतर त्यांनीच तिला फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून दिला.

बाटली भरली. तिने मार्कर काढून लेबल लिहिलं: १२:५५. मार्कर सुकत आलेला. 'बारा' नीट उमटलं, 'पंचावन्न' फिकं, आणि तारखेपर्यंत तर नुसते ओरखडे. काल संध्याकाळीही हेच झालं होतं. पण रात्रभर टोपण लावून ठेवलं की सकाळी पहिली अक्षरं पुन्हा काळीभोर यायची.

तिचा हात हवेतच राहिला.

सिरिंजांची लेबलं. सातचं काळं. आठचं काळं. नऊचं काळं. दहाचं जरा फिकं. अकराचं त्याहून फिकं. बाराचं तर वाकून वाचावं लागलं होतं. दर तासाला टोपण काढून लिहिलं असतं तर प्रत्येक लेबल सुरुवातीला काळं आलं असतं. ही चारही एका दमात लिहिलेली होती. एकदाच टोपण काढून.

तिने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. दूध अंगात असतं तोवर त्याला काही होत नाही. काढून ठेवलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. आणि उबेत ठेवलं तर ते घड्याळ पळायलाच लागतं.

सिस्टरांनी तपासायच्या आधी त्या सिरिंजा कुठे होत्या?

ती बाटली हातात धरूनच धावली. "सिस्टर! नमुने तुम्हाला कोण आणून देत होतं?"

"आणून कशाला द्यायचे? ठेवलेलेच होते. सलाइन गरम करायची पेटी आहे ना, तिच्या झाकणावर, ओळीने. पंपवाला सांगून गेला, दर तासाला एक घाला."

"सांगून गेला? कुठे गेला?"

"ते मला काय माहीत?" सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "अगं बाई. म्हणजे मी सकाळपासून..."

तिने टाचलेल्या पट्ट्या ओढून घेतल्या. लॅक्टेटच्या खाली दोन ओळी सोडून आणखी एक आकडा छापलेला असतो. सकाळपासून त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तिने तो चारही पट्ट्यांवर शोधला आणि दात आवळले.

५

मोठे सर, शल्यविभागाचे प्रमुख, बरोबर दोनला आले. देखणा माणूस, चंदेरी केस, मागे चष्मिस डॉक्टर. खोलीत पंपवाला, सिस्टर आणि ती.

"सही झाली?"

"नाही."

"ताई, हा भावनेचा विषय नाही. दात्याचंच लिव्हर मुळात कमकुवत असणार. घरच्यांना तसं सांगा."

मुलाला अजून अग्नी दिला नव्हता, आणि बापाला सांगायचं की तुमच्या पोराचंच कमअस्सल होतं. तिच्या कानशिलांत घण पडायला लागले. पण आवाज तिने खालीच ठेवला.

"सर, साडेनऊला या यंत्रात रक्ताची आख्खी पिशवी चढवली. ही चिठ्ठी. रक्त वाढलं की हिमोग्लोबिन वाढतं, बरोबर?"

"अर्थात."

"नऊच्या नमुन्यात हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोन. दहाला सहा पॉइंट दोन. अकराला तेवढंच. बाराला तेवढंच. पिशवी गेली कुठे?"

मोठ्या सरांनी हात पुढे केला नाही. पट्ट्या चष्मिस डॉक्टरांनी घेतल्या आणि ते वाचता वाचता भिंतीला टेकले.

"हे चारही नमुने साडेनऊच्या आधीचे आहेत," ती म्हणाली. "एकाच वेळी काढलेले. लेबलंही एकाच वेळी लिहिलेली, मार्कर सुकत गेलेला दिसतोय. मग ते गरम पेटीवर ठेवले. सिरिंजमधलं रक्त जिवंतच असतं, सर. आतल्या पेशी साखर खातात आणि लॅक्टेट सोडतात, आणि ते खाऊन टाकायला सिरिंजमध्ये लिव्हर नसतं. म्हणून दर तासाला पॉइंट आठ, पायरी चढल्यासारखं. तुम्ही सगळे सकाळपासून लिव्हर तपासत नव्हता. चार सिरिंजा नासताना बघत होता. आणि ते बिचारं इथे झाकणाखाली पिशव्या भरभरून पित्त करत होतं, आणि तुमच्या तक्त्यात त्याला रकाना असूनही कुणी विचारलं नाही."

तिने चष्मिस डॉक्टरांच्या हातातून पट्ट्या परत घेतल्या. पंप चालूच होता.

"तुमचे जोडे हिरवे आहेत," ती पंपवाल्याला म्हणाली. "आपल्याकडे पांढरे घालतात. हिरवे हृदयाच्या थिएटरात. तिकडे होता ना?"

पंपवाल्याने जोड्यांकडे असं पाहिलं जणू ते दुसऱ्याच कुणाच्या पायात आहेत. "हार्ट-लंग मशीन चालवायला दुसरं कुणी नाही, ताई. तिकडे छाती उघडलेली. मी विचारलं, इथलं कोण बघेल? मला म्हणाले, लिव्हर काय, उबेत सुखात पडलंय, तिथे बसून काय माशा मारतोस? नमुने काढून ठेव आणि ये. तक्ता भरलेला दिसला म्हणजे झालं."

"कोण म्हणालं?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

"एका माणसात दोन यंत्रं चालवायची म्हणजे जुळवून घ्यावं लागतं," मोठे सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही डॉक्टर नाही. तुम्हाला हे कळणार नाही."

"नाही कळणार. पण सही माझी लागते. ताजा नमुना निघाल्याशिवाय ती मिळणार नाही. हात तोडून नेलात तरी नाही."

कुणी सांगायच्या आधीच चष्मिस डॉक्टर पुढे झाले. त्यांनी स्वतः सिरिंज घेतली, स्वतः रक्त ओढलं, आणि ती मुठीत धरून तपासणीच्या मशीनपर्यंत अक्षरशः पळाले. दीड मिनिट. पट्टी कुरकुरत बाहेर आली.

लॅक्टेट १.१.

हिमोग्लोबिन ७.९.

सिस्टरांनी तोंडाला पदर नव्हता म्हणून मास्कच लावला आणि त्याच्याआड हुंदका गिळला. मग दार उघडून त्यांच्या त्या आवाजात ओरडल्या, "पेशंट आत घ्या! आत्ताच्या आत्ता!"

६

ट्रॉली आत गेली. मुलीने बाहुलीचा हात हलवून टाटा केला. चष्मिस डॉक्टर हात धुवायला गेले आणि जाता जाता पंपवाल्याला म्हणाले, "तुम्ही इथून हलायचं नाही. कुणीही बोलावलं तरी. माझं नाव सांगा."

मोठे सर मागे रेंगाळले. "झालं ना तुमच्या मनासारखं? आता हा विषय इथेच मिटला. सिस्टर नवा तक्ता करतील, नऊ ते बारा रिकामं सोडून. त्या पट्ट्या द्या."

"पट्ट्या नाहीत माझ्याकडे."

"मग कुठे आहेत?"

"कुलपात. सिरिंजांसकट. फोटो घेतलेत, आणि अवयव वाटप समितीकडे तक्रार गेलीय. दोन वाजायच्या आधीच." ती एक पाऊल पुढे आली. "सर, या माणसाला हृदयाकडे पळवायला कधीपासून लागलात?"

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मी सांगते. चार महिने. त्याआधी दीड वर्षात या यंत्रावर एक लिव्हर निकामी ठरलं. या चार महिन्यांत तीन. तिन्हींचे तक्ते मी आत्ता काढून बघितले. चढते आकडे, बरोबर पायऱ्या-पायऱ्यांनी. पित्ताच्या रकान्यात रेघा. आणि खाली सही माझी."

"हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही."

"ते समिती बघेल. मी फक्त सोडणार नाही. मला लोक मागून काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेल."

ते गेले. हिरवे जोडे घातलेला माणूस यंत्राजवळच्या स्टुलावर बसून हमसाहमशी रडत होता. तिला त्याची दया येत होती आणि त्याच्या मुस्काटात मारावीशीही वाटत होती. दोन्ही न करता तिने तीन जुने कागद उचलले. पहिल्यावर शिंपिणीचं नाव. दुसऱ्यावर एका शाळामास्तरांचं, ते अजून यादीत होते. तिसऱ्यावर एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं. ती सहा आठवड्यांपूर्वी गेली. तिच्या आईला तेव्हा हिनेच फोनवर सांगितलं होतं, काकू, काय करणार, लिव्हरच चांगलं नव्हतं हो.

सात वाजता थिएटरमधून निरोप आला: रक्त सोडलं, यकृताने लगेच रंग धरला, टाके घालताघालता पित्त सुरू. शिंपिणीच्या आईने तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

मागच्या दारापाशी बसचालक बाकावर बसले होते. मुलाची शववाहिका यायची होती. तिला बघताच ते उठले.

"बाई, गेली नाही ना रिकामी?"

"नाही काका. भरून गेली." पुढचं तिच्या तोंडून निघून गेलं. "ह्या वेळी नाही."

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तीस वर्षं आरशातून मागची माणसं वाचलेले डोळे.

"ह्या वेळी म्हणजे?"

ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. ते तीन कागद मांडीवर उलगडले, आणि सगळ्यात आधी आपल्या सहीवर बोट ठेवलं.